‘जैन आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही



या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलाने आणि सूनबाईने आम्हाला न विचारताच नाशिकजवळच्या एका वाईनरीच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. शुक्रवारी जायचं, रविवारी परत यायचं. खोलीच्या खिडकीतून द्राक्षाचा मळा दिसतो, आवारात दोन-तीन नावाजलेली रेस्टॉरंट आहेत, असं सगळं फोनवर सांगून झालं आणि शेवटी तो घाईघाईने म्हणाला, “आई, जेवणाची काळजी करू नकोस. सगळीकडे जैन मिळतं, मी विचारलंय.”

त्याच्या त्या शेवटच्या वाक्यावरच आज लिहायचं आहे.

आमच्या महिला मंडळात मी ही बातमी सांगितली तेव्हा दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने तर सरळ विचारलं, “वाईनरीत जेवायला? श्राविकेने जायचंच कशाला अशा ठिकाणी?” प्रश्न चुकीचा नाही. आपल्या मूलगुणांची सुरुवातच मद्य, मांस आणि मध यांच्या त्यागाने होते, पाच उदुंबर फळं नंतर येतात. पण मला द्राक्षाच्या मळ्याचं वावडं नाही. माझं माहेर तासगावकडचं. तास-ए-गणेशचे घड मांडवाला लोंबकळताना बघत मी मोठी झाले, बेदाण्याच्या शेडवर खेळले. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि विंचूरला तसा आमच्या पलूसलाही वाईन पार्क निघाला. तेव्हा आमच्या भावाच्या ओट्यावर यावर रात्र रात्र चर्चा झाली होती. वाईनची द्राक्षं लावायची की नाही, हा जैन शेतकऱ्यापुढचा प्रश्न होता. भावाने लावली नाहीत. त्यात धर्म किती आणि बाजाराची भीती किती, हे त्यालाही सांगता येणार नाही. असो. सांगायचं एवढंच, की चार भिंतींच्या आत बसून मी हे लिहीत नाही.

शुक्रवारी पुण्याहून निघालो ते उशिराच. सिन्नरच्या आसपास सूर्य कलला तेव्हा मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि घरून नेलेल्या दशम्या, कारळ्याची चटणी आणि दही असं खाऊन घेतलं. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे. माझा रात्रिभोजनाचा त्याग आहे आणि रात्री मी फक्त पाणी घेते. गाडीत डबा असतो, लग्नकार्यात मी साडेपाचला स्वयंपाकघरात शिरून काहीतरी मागून घेते. कोणाला त्रास नको.

रात्री आठला टेबल बुक केलेलं होतं. मंद दिवे, पांढरा टेबलक्लॉथ, एकेका माणसापुढे तीन-तीन काटे. वेटरने मला तीनदा विचारलं, “मॅडम, काहीच नाही घेणार?” तिसऱ्या वेळी मला अपराध्यासारखं वाटलं. ह्यांनी सूप घेतलं. सूनबाईने पास्ता मागवला. मुलाने उंच दांड्याच्या ग्लासातून काहीतरी लालसर मागवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “द्राक्षाचा रस आहे, आई. इथली खासियत.” मी बरं म्हटलं.

मैत्रिणींनो, मी तासगावची आहे. द्राक्षाचा रस कसा दिसतो आणि त्याला कसा वास येतो, हे मला माहीत आहे. तरीही मी बरंच म्हटलं.

शनिवारी सकाळी म्हसरूळला गजपंथाला गेलो. चारशेच्या वर पायऱ्या आहेत, त्याही उंच. गुडघे बोलत होते, पण वर पोचल्यावर लेण्यांतल्या त्या गारव्यात दहा मिनिटं डोळे मिटून बसले आणि सगळं शांत झालं. एकाच शहरात एका बाजूला सात बलभद्रांची निर्वाणभूमी आणि दुसऱ्या बाजूला वाईनचे मळे. मला त्यात विरोधाभास वगैरे काही वाटला नाही. गोदावरीकाठचं गाव आहे, सगळ्यांना सामावून घेतं.

परतल्यावर सूनबाई म्हणाली, वाईनरीची टूर तरी बघा, प्यायची सक्ती नाही. गेले. आणि खरं सांगते, रस घेऊन ऐकलं. वाईनच्या द्राक्षाचा मणी आपल्या खायच्या द्राक्षापेक्षा लहान असतो, साल जाड असते आणि आत बिया. आपल्याकडे मांडव असतो, तिथे तारेवर कुंपणासारख्या ओळी होत्या. जानेवारी ते मार्च तोडणी चालते. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. तोंडी मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या. माहिती सांगणारी मुलगी चुणचुणीत होती. ती म्हणाली, तयार वाईन गढूळ असते, ती नितळ करावी लागते. मी विचारलं, “कशाने?” तिने सांगितलं, आम्ही बेंटोनाइट म्हणजे एक प्रकारची माती वापरतो. पण जगात अनेक ठिकाणी अंड्यातला पांढरा बलक, जिलेटिन, किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ घालतात. तो गाळ घेऊन खाली बसतो, बाटलीत राहत नाही, म्हणून कुठे लिहिलेलाही नसतो.

वाईनमध्ये मला काही घ्यायचं नव्हतं, तेव्हा मातीने नितळली काय आणि माशाने काय, माझ्या नियमाला फरक नाही. पण ‘कशाने?’ हा एक शब्द विचारल्यावर केवढं बाहेर आलं, ते डोक्यात बसलं. बी.कॉम.ला आम्हाला ऑडिटचे सर सांगत, व्हाउचर बघितल्याशिवाय सही करायची नाही. स्वयंपाकघरात मी ते पाळते. बाहेर कधी पाळलं नव्हतं.

दुपारच्या जेवणाला दुसरं रेस्टॉरंट. इथे इटालियन. मेनूकार्डावर काही पदार्थांपुढे ‘जैन होऊ शकेल’ अशी खूण होती. मी रिसोटो मागवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आपल्या गुरगुट्या भातासारखा मऊ भात, वर चीज. आला तेव्हा सुंदर दिसत होता. चमचा हातात घेतला आणि सकाळची ती मुलगी आठवली. वेटरला विचारलं, “यात वाईन आहे का हो?”

“मॅडम, हा जैन आहे.”

“ते कळलं. वाईन आहे का?”

तो थांबला. मग अगदी सरळपणे म्हणाला, “वाईन थोडी असते मॅडम, रिसोटोत असतेच. पण कांदा, लसूण, बटाटा काही घातलेलं नाही. जैन म्हणजे तेच ना?”

ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. म्हणजे जाऊ दे, पोरांचा दिवस आहे. मुलगा म्हणाला, शिजताना अल्कोहोल उडून जातं, आई. (सगळं उडत नाही. किती वेळ शिजलं यावर अवलंबून असतं. आणि उडालं तरी घातलं होतं ना?) सूनबाई मात्र उठली आणि आत जाऊन शेफलाच घेऊन आली. तिचं माहेर जैन नाही, हे मुद्दाम लिहिते.

शेफ तिशीतला, निफाडकडचा मुलगा. “काकू, चुकलंच,” म्हणाला आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकून माझा चमचा तसाच राहिला. रिसोटोत तीन गोष्टी विचारायच्या असतात. एक, भात परतल्यावर घातलेली वाईन. दोन, तो ज्या पाण्यात शिजतो तो स्टॉक कशाचा आहे. तीन, वरचं चीज. त्यांच्याकडे स्टॉक भाज्यांचाच होता, पण चीज इटलीहून आलेलं खरं पार्मेझान. ते ज्या रेनेटने दूध जमवून करतात ते वासराच्या जठरातून काढतात, आणि खऱ्या पार्मेझानला दुसरं काही वापरायची तिथल्या नियमानुसार परवानगीच नाही. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या पाकिटातल्या चीजला सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट चालतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. तो पुढे म्हणाला, पॅनाकोटात जिलेटिन असतं, तिरामिसूत बहुधा अंडं आणि दारू, काही सॅलडांवर मध. “लोक जैन म्हणतात, आम्ही कांदा-लसूण काढतो. पुढचं कोणी विचारत नाही.”

गेल्या दहा वर्षांत मुलाचे वाढदिवस, नातवाचं बारसं, सूनबाईचं प्रमोशन, किती वेळा पुण्यात अशा महागड्या ठिकाणी जेवलो असू. दर वेळी मी ‘जैन आहे ना?’ विचारलं आहे आणि ‘हो’ ऐकून जेवले आहे. त्यातलं किती काय होतं, आता कोण सांगणार?

मंडळातल्या एका वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अजाणता झालं त्याचा दोष लागत नाही. मला हे पटत नाही. पहिल्या वेळचं अजाणता असेल. पण मी कॉमर्स शिकले, वर्तमानपत्र वाचते, शेअरच्या फॉर्मवर बारीक अक्षरातलं सगळं वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि ताटातल्याबद्दल मात्र एका ‘हो’ वर समाधान मानते, याला अजाणता म्हणत नाहीत. दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतो. सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे आणि तिच्यात प्रमादच आला आहे, म्हणजे बेसावधपणा. इतकी वर्षं पाठ म्हणते आहे.

आणि दोष त्या वेटरचा नव्हताच. त्याला ‘जैन म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नाही’ हे कोणी शिकवलं? आपणच. रात्री अकराला हॉटेलात जाऊन ‘जैन पावभाजी’ मागणारे आपणच आहोत. जैन हा शब्द आपण एक मसाला करून टाकला आहे, म्हणजे हा घाला आणि तो काढा. त्यात वेळ नाही, दारू नाही, जीव नाही. शेफ हसत म्हणाला होता की जैन म्हणून येणाऱ्या दहा टेबलांचे दहा नियम असतात. कुणाला आलं चालतं, कुणाला गाजर चालतं. मग त्याने तरी कोणाचं खरं मानायचं?

मी स्वतः फार काटेकोर आहे असं नाही. पाव खाते, सासूबाई खात नसत. त्यांच्या हिशेबात मीही घसरलेलीच. रेघ प्रत्येकीची वेगळी असणार, ती कुठे ओढायची हे ज्याचं त्याने बघावं. पण आपली रेघ कुठे आहे हे समोरच्याला नीट सांगायचं काम आपलं आहे, त्याने ओळखायचं नाही.

बिल आलं तेव्हा मला जरा हसू आलं. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वरचं, म्हणून जेवणावर १८ टक्के जीएसटी. शेजारच्या टेबलाच्या बाटलीवर जीएसटी नाही, दारू त्याच्या बाहेर आहे, तिला राज्याचा व्हॅट. म्हणजे सरकारी कागदावर ताटातलं आणि ग्लासातलं पक्कं वेगळं. आणि माझ्या रिसोटोत मात्र दोन्ही एकत्र शिजून जेवणाच्या ओळीत आलेलं. रिसोटोचे पैसे त्यांनी लावले नाहीत, हेही लिहायला हवं.

दुपारी खोलीत पडले होते, झोप येईना. मनात वाक्य घोळत होतं: पुढचं कोणी विचारत नाही. चारच्या सुमाराला मुलगा चहा घेऊन आला. मी विचारलं, “काल तुझ्या ग्लासात काय होतं?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “वाईन.”

“किती वर्षं झाली?”

“सात-आठ. कधीतरी, ऑफिसच्या पार्टीत. महिन्यातून एखाद वेळ.”

“मला रस का सांगितलंस?”

“तू कधी विचारलंच नाहीस ना आई. आणि मला वाटलं, तुला तेच ऐकायचं असतं.”

(हे छापण्याआधी त्याला वाचायला दिलं आहे. “लिही,” म्हणाला.)

ह्यांना हे ठाऊक होतं. चार वर्षांपासून. मला मुलाच्या वाईनपेक्षा त्याचं जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. पण मग विचार केला, ह्यांनी तरी काय केलं? त्या वेटरसारखंच. मला चालेल ते उत्तर दिलं. माझ्या घरात सगळ्यांनाच कळून चुकलं होतं, की आईला ‘हो, जैन आहे’ म्हटलं की ती पुढे विचारत नाही. माझा नियम इतकी वर्षं सुरक्षित राहिला तो इतरांनी माझ्याशी खोटं बोलण्यावर. अहिंसेचं अणुव्रत सांभाळायला निघाले आणि सत्याचं घरातल्या चौघांकडून मोडून घेतलं.

मुलाने वाईन घ्यावी असं मला वाटत नाही. ते मी त्याला त्या दिवशी एकदा सांगितलं. पुन्हा सांगणार नाही, अडतीस वर्षांचा आहे तो. माझ्या मूलगुणांची सही त्याने केलेली नाही. द्राक्षाचा रस म्हणजे फळच की, असं सांगणारे मला खूप भेटतात, २०२२ साली सुपरमार्केटात वाईन ठेवायचा विषय निघाला तेव्हाही तेच सांगत होते, आणि ते मला मान्य नाही. बेदाणा हेही फळच आहे, त्याने कोणाची मती फिरत नाही. पण न आवडणारं खरं ऐकायची तयारी ठेवायला हवी, हे साठी ओलांडल्यावर तरी.

त्या संध्याकाळचं सांगते. शेफने दुपारीच विचारलं होतं, “काकू, तुम्ही सूर्यास्ताआधी जेवता ना? किचन सातला उघडतं, पण मी साडेपाचला आलेलोच असतो.” मग त्याने वहीत लिहून घेतलं: कंद काहीच नको, आलंसुद्धा नको, मध नको, अंडं नको, व्हिनेगर नको, वाईन नको, चीज हिरव्या ठिपक्याचंच, कढई वेगळी. साडेपाचला गच्चीवर एकच टेबल मांडलं. टोमॅटोचं सूप, कच्च्या केळ्याच्या टिकिया, लाल भोपळा आणि मक्याचे दाणे घातलेला तोच मऊ भात, भाज्यांच्या पाण्यात शिजवलेला आणि वर लोणी. शेवटी मळ्याशेजारच्या खायच्या द्राक्षांचा एक घड, नुसता. बिलात पूर्ण किंमत लागली तेव्हा हे पुटपुटले, “भोपळ्याच्या भाताला एवढे?” मी म्हटलं, भोपळ्याला नाही, वेगळ्या कढईला आणि त्या पोराच्या दीड तासाला. चाळीस वर्षं गाडीतल्या दशम्या खाऊन मी तो पैसा वाचवला होता, आणि त्याबरोबर घरच्यांच्या पंगतीत बसणंही.

सूनबाई माझ्याबरोबर तेव्हाच जेवली. “मला आठपर्यंत भूक लागत नाही थांबायला,” असं काहीतरी उलटसुलट कारण दिलं तिने. साडेसहाच्या सुमाराला सूर्य गेला तोवर आमची ताटं उचललेली होती. रात्री आठला बाप-लेक जेवायला बसले तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी बसले. मुलाने लिंबू सोडा मागवला. उद्याचं मी विचारलं नाही.

आता कुठेही जायचं ठरलं की आदल्या दिवशी मी स्वतः फोन करते. मोबाइलमध्ये लिहून ठेवलं आहे: स्टॉक कशाचा, चीज कुठलं, वाईन-व्हिनेगर आहे का, गोडात जिलेटिन-अंडं आहे का, साडेपाचला वाढाल का. ज्यांना जमत नाही ते सरळ नाही म्हणतात, मग मी डबा नेते आणि तसं सांगून नेते. मागच्या महिन्यात कोल्हापूरला भाचीचा साखरपुडा होता. केटररला फोन केला तर तो मिनिटभर गप्पच. मग म्हणाला, “ताई, वीस वर्षं जैन पंगती करतोय, चीजचं आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. थांबा, पाकीट बघून सांगतो.”